सायरन ऐकला की डावीकडे

रात्री वस्तीत कुणाच्या छातीत कळ आली की आपण १०८ ला फोन लावतो आणि नाक्यावर जाऊन उभे राहतो. पाच मिनिटं झाली, दहा झाली की ॲम्ब्युलन्सच्या चालकाच्या नावाने बोटं मोडतो. पण सकाळी आपणच रिक्षा, टेम्पो, मोटारसायकल घेऊन रस्त्यावर असतो, आणि मागून सायरन वाजला की काय करावं हे पुष्कळांना सुचत नाही.

करायचं एवढंच. आधी आरसा बघा. ॲम्ब्युलन्सच्या पुढच्या बाजूला अक्षरं उलटी लिहितात ती यासाठीच, आरशात ती सुलटी दिसतात. (रिक्षाचा आरसा मागच्या सीटकडे वळवून ठेवलेला असेल तर तो आजच सरळ करा.) मग डावा इंडिकेटर द्या, वेग कमी करा, कडेला सरका आणि लागलं तर थांबा. घाबरून जागच्या जागी ब्रेक मारू नका. उजवीकडे तर मुळीच घुसू नका, कारण ॲम्ब्युलन्स तिथूनच वाट काढणार असते. रस्त्याला दुभाजक नसेल तर समोरून येणाऱ्यानेही आपल्या डाव्या कडेला व्हावं. लाल सिग्नलला पुढे उभे असाल तर चौकात उडी घेऊ नका, आडव्या रस्त्याची वाहनं सुटलेली असतात. जमेल तेवढं डावीकडे सरका. पोलीस हात दाखवत असेल तर त्याचं ऐका.

ॲम्ब्युलन्सच्या मागे लागून मोकळ्या झालेल्या वाटेने सुसाट जाणारे बाईकवाले आपल्या पोरांतही आहेत. तिला अचानक थांबावं लागलं तर हे थेट तिच्या मागच्या दारावर आदळतील. पुढून आडवे येणारे त्याहून वाईट. आत एखाद्याचं हृदय थांबलेलं असेल तर डॉक्टर दोन्ही हातांनी त्याची छाती दाबत असतो. करकचून ब्रेक लागला की तो तोल जाऊन पडतो आणि दाबणं थांबतं. मेंदूला रक्त मिळालं नाही तर चार-पाच मिनिटांतच इजा सुरू होते. बाळंतीण असेल तर तिला बसणारा हिसका वेगळाच.

कायदाही कडक आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली केलेल्या दुरुस्तीनुसार वाट न देणाऱ्याला दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. अग्निशमनाच्या गाडीलाही हेच लागू आहे.

आता आपली गल्ली. मोठ्या रस्त्यावर लोकांनी वाट दिली, पण वस्तीच्या तोंडाशी आडवा टेम्पो, दोन्ही बाजूंना बाईकची रांग, वर जयंतीची कमान, असं असलं की पेशंट चादरीत घालून बाहेर न्यावा लागतो. कमानीतून ॲम्ब्युलन्स आणि बंब निघेल एवढी उंची-रुंदी बांधतानाच ठेवा. गाडी गल्लीच्या तोंडाशी लावणाऱ्याने आपला नंबर काचेवर लिहावा, म्हणजे रात्री दारं ठोठावत फिरावं लागणार नाही. १०८ ला फोन केल्यावर एकाने टॉर्च घेऊन नाक्यावर उभं राहावं. बाकीच्यांनी बाईक हलवायला घ्याव्यात.