रोग रेड्याला, औषध पखालीला
युरिया पंपाविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

क्रशरवर सकाळची पाळी सुरू होते. व्हील लोडर खडीच्या ढिगाला भिडतो, बकेट भरतो आणि तिथेच दम सोडतो. डॅशबोर्डवर दिवा लागलेला, इंजिनाची ताकद उतरलेली. स्कॅनर लावल्यावर ‘डीईएफचा दाब कमी’ असा कोड येतो आणि पुढचं वाक्य ठरलेलं असतं : “पंप गेला.” महागडा नवा पंप येतो, बसतो आणि काही दिवसांनी तोच दिवा पुन्हा डोळे वटारतो.

डीईएफ म्हणजे ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी खनिजमुक्त पाणी. साइटवर त्याला नुसतं ‘युरिया’च म्हणतात. तो तापलेल्या सायलेन्सर पाइपात फवारला की त्याचा अमोनिया होतो आणि उत्प्रेरकावर धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडचं रूपांतर नायट्रोजन आणि वाफेत होतं. भारतात चाकांवरच्या बांधकाम यंत्रांना सीईव्ही स्टेज ४ चे प्रदूषणाचे निकष १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. तेव्हापासून ५६ किलोवॉट आणि त्यापुढच्या इंजिनांवर ही व्यवस्था सर्रास दिसू लागली.

यात पंपाचं काम मर्यादित आहे : टाकीतून युरिया ओढायचा, गाळायचा आणि ठरलेल्या दाबाने नोझलपर्यंत पोचवायचा. बॉशच्या डिनॉक्सट्रॉनिक २.२ यंत्रणेत हा दाब सुमारे ९ बार असतो. दाब मोजणारा सेन्सर बहुधा पंपाच्याच डब्यात बसवलेला असतो. त्यामुळे बिघाड टाकीत असो वा नळीत, नाव पंपाचं येतं.

गैरसमज : दाबाचा कोड आला म्हणजे पंप खराब.

वस्तुस्थिती : कोड तक्रार नोंदवतो, आरोपी ठरवत नाही. स्कॅनरवर येणाऱ्या जे १९३९ पद्धतीच्या कोडचे दोन भाग असतात. एसपीएन हा आकडा तक्रार कशाबद्दल आहे ते सांगतो, एफएमआय ती कोणत्या प्रकारची आहे ते सांगतो. एसपीएन ४३३४ म्हणजे डीईएफचा दाब. त्यापुढे एफएमआय १८ असेल तर दाब खरोखर कमी पडतोय. पण ३, ४ किंवा ५ असेल तर तक्रार विजेची आहे. तिथे पाना बाजूला ठेवून मल्टिमीटर हातात घ्यावा. कपलर उघडून पाहावा. युरिया तांब्याला खातो आणि वायरीच्या तारांमधून केशाकर्षणाने लांबवर चढतो. पिना हिरव्या-पांढऱ्या झालेल्या दिसल्या तर वरवर पुसून भागत नाही, खराब तुकडा कापून नवा जोडावा लागतो.

दाब खरोखरच कमी असेल तर आधी टाकीकडचं पाहावं. तळाची जाळी तुंबली आहे का, टाकीचा श्वास घ्यायचा व्हेंट बंद आहे का, सक्शन नळी कुठे दुमडली किंवा हवा ओढते आहे का? सगळ्यात बोलकी परीक्षा साधी आहे. सक्शनची नळी सोडायची, पंपाला तात्पुरती स्वच्छ, आखूड नळी जोडायची आणि तिचं टोक चांगल्या डीईएफच्या भांड्यात बुडवून स्कॅनरवरून दाबाची चाचणी घ्यायची. दाब आला तर पंप निर्दोष आणि दोष टाकी ते पंप या वाटेवर. नाही आला, तर पंपाचा फिल्टर, पुढची नळी आणि गळकं नोझल तपासून मगच पंपावर बोट ठेवायचं.

गैरसमज : चावी फिरवली, नळी सोडून पाहिली, थेंब आला नाही. पंप मेला.

वस्तुस्थिती : धूर पुरेसा तापल्याशिवाय फवारणी होत नाही. बहुतेक यंत्रणांत त्यासाठी सुमारे २०० अंश सेल्सिअस लागतात, आणि कित्येक यंत्रांत तोवर पंप दाबही धरत नाही. थंड इंजिनावर कोरडी दिसणारी नळी काहीच सिद्ध करत नाही. सॉफ्टवेअरमधून फवारणीची चाचणी चालवावी, नोझल मोजपात्रात धरावं आणि जमलेले मिलिलिटर कंपनीच्या पुस्तकातल्या आकड्याशी ताडून पाहावेत.

गैरसमज : इंजिन बंद केलं की लगेच बॅटरीचा कटऑफ पाडावा.

वस्तुस्थिती : ऑपरेटरची ही शिस्तीची सवयच अनेक पंपांच्या मुळावर येते. इंजिन बंद झाल्यावर पंप थांबत नाही. मिनिटभर किंवा थोडा अधिक वेळ उलटा प्रवाह करून नळ्यांतला युरिया टाकीत परत ओढतो. कटऑफ पाडला की तो अर्ध्यातच अडकतो. नळीत आणि नोझलमध्ये राहिलेल्या युरियातलं पाणी उडून जातं आणि पांढरे खडे बसतात. अनेक यंत्रांवर कटऑफजवळ यासाठीच छोटा दिवा असतो. तो विझेपर्यंत थांबायचं.

गैरसमज : जोडावर पांढरा थर दिसला की पंप फुटला. डिझेलने धुऊन टाकावा.

वस्तुस्थिती : तो थर गळतीची खूण असते, आणि गळती बहुधा जोडाची किंवा सीलची. युरियाचे खडे पाण्यात विरघळतात, म्हणून कोमट स्वच्छ पाणी हेच औषध. नोझलच्या छिद्रात तार घालू नये. डिझेल तर जवळही आणू नये. ते आत गेलं की रबरी सील आणि पंपाचा पडदा फुगतो, आणि मग धडधाकट पंपही खरोखर निकामी होतो.

गैरसमज : युरिया तो युरिया, शेतातला गोणीतला चालतो.

वस्तुस्थिती : खताच्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो. त्यात बाययुरेट १.५ टक्क्यांपर्यंत चालतं. डीईएफच्या आयएसओ २२२४१ मानकात त्याची मर्यादा ०.३ टक्के आहे. वर विहिरीचं पाणी घातलं तर त्यातले क्षार उत्प्रेरकाला मारतात. गंमत अशी की असं घरगुती मिश्रण रिफ्रॅक्टोमीटरवर बरोबर ३२.५ दाखवू शकतं, कारण ते यंत्र प्रमाण मोजतं, शुद्धता नव्हे. म्हणून नमुना काचेच्या भांड्यात घेऊन वर तेलाचा तवंग, वास आणि गढूळपणाही पाहावा. शिवाय अनुदानाचा युरिया असा वळवणं हा गुन्हा आहे.

चांगला डीईएफही उन्हात बिघडतो. २५ अंशांपर्यंत तो सुमारे दीड वर्ष टिकतो, ३५ अंशांना सहाच महिने. चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली ठेवलेल्या कॅनवरची तारीख किती खरी मानायची, हे ज्याचं त्याने ठरवावं. उलट -११ अंशांना गोठलेला डीईएफ वितळल्यावर पुन्हा वापरता येतो.

गैरसमज : युरियाची यंत्रणाच बायपास केली की कटकट मिटते.

वस्तुस्थिती : कटकट मिटत नाही, फक्त दिवा विझतो. धूर विषारी होतो आणि निकषांनुसार मंजूर झालेल्या यंत्रात फेरफार केल्याने मालक कायद्याच्या कचाट्यात सापडतो.

पंप कधीच बिघडत नाही, असं मुळीच नाही. मोटर जळते, पडदा फाटतो. पण सगळ्या तपासण्यांनंतर तो खरोखर मेलेला आढळला, तर तो कशाने मेला हे विचारल्याशिवाय नवा बसवू नये. टाकीत डिझेल मिसळलेलं असेल तर टाकी आणि नळ्या रिकाम्या करून धुवाव्या, फिल्टर बदलावा, मग पंप. नाहीतर रेडा तसाच आजारी राहतो आणि आपण फक्त नवी पखाल विकत घेतलेली असते.