ऊन येते छपरावरून

कोकण रेल्वेच्या वीर स्थानकाच्या परिसरात मेच्या दुसऱ्या आठवड्यात एक दिवस असा येतो, की दुपारी साडेबाराच्या सुमारास माणसाची सावली त्याच्याच पायाखाली जाते. त्यानंतर जुलैअखेरपर्यंत माध्यान्हीचा सूर्य चक्क उत्तरेकडे असतो. थंड देशांतली घरबांधणीची पुस्तके दक्षिणेला मोठ्या काचा लावायला सांगतात, कारण तिथे हिवाळ्याचे तिरपे ऊन घरात ओढून आणायचे असते. वीरला डिसेंबरातही दुपारचा सूर्य 48 अंशांवर असतो आणि पहाटेच्या गारठ्यावर अंगणातले कोवळे ऊन पुरते. इथला खरा ताप छपराचा आणि पश्चिमेच्या भिंतीचा.

वीरचा हा महाड-पोलादपूर पट्टा समुद्रापासून आत, सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. मार्चमध्ये पूर्वेचे वारे घाट उतरताना तापतात आणि खाऱ्या वाऱ्याला उशिरापर्यंत आत येऊ देत नाहीत. याच जिल्ह्यातल्या भिरा इथली 28 मार्च 2017 ची 46.5 अंशांची नोंद देशभरच्या वर्तमानपत्रांत झळकली होती.

जुन्या कौलारू घरात या उन्हाची तजवीज होती, पण ती केली होती पावसासाठी. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलायचा म्हणून वळचण हाताला लागेल इतकी खाली आणलेली. तीच उन्हाळ्यात भिंतीवर सावली धरते. तापलेली हवा कौलांच्या फटींतून निघून जाते. माळा वरचा ताप अडवतो. पुढच्या दारातून परसदार दिसेल अशी एका ओळीतली दारे वाऱ्याला वाट देतात. या घरांचे कौतुक मात्र बेतानेच करावे: माजघर अंधारे, दरवर्षी शाकारणी, आणि वानर नाचले की कौले फुटणार. लोकांनी स्लॅब घातला तो काही उगीच नाही.

पण पाच इंची स्लॅब दुपारची उष्णता पोटात घेतो आणि तीन-चार तासांनी खाली सोडू लागतो. म्हणून रात्री दहाला पंखा लावला तरी अंगावर गरम हवाच येते. केंद्राच्या ‘इको निवास संहिता 2018’नुसार आत-बाहेरच्या तापमानातल्या प्रत्येक अंशाच्या फरकामागे छपराच्या एका चौरस मीटरमधून 1.2 वॅटहून जास्त उष्णता आत येऊ नये. उघडा स्लॅब याच्या दुपटीहून जास्त आणतो.

गंमत म्हणजे गळती थांबवायला गच्चीवर टाकलेली पत्र्याची शेड हा त्यावरचा उत्तम उपाय आहे. ऊन पत्र्यावरच अडते आणि मधली तापलेली हवा वाऱ्याबरोबर निघून जाते. बाजू बंद करून तिथे खोली काढली, की फायदा गेलाच.

दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा सज्जा पुरतो. डिसेंबरच्या दुपारीही त्याची सावली सव्वादोन फूट खाली येते. पश्चिमेला तो कुचकामी, कारण चारनंतरचे ऊन त्याच्या खालून शिरते. तिथे आंबा, फणस लावावा, नाहीतर निदान झावळ्यांचा मांडव घालावा.

खिडक्यांचे वेळापत्रकही महिन्यागणिक बदलते. फेब्रुवारी-मार्चमध्ये रात्री गार असतात. तेव्हा खिडक्या रात्री उघडाव्यात आणि सकाळी ऊन चढायच्या आत लावून घ्याव्यात. मेच्या दमट हवेत घाम वाळायला वारा लागतो, म्हणून त्या दिवसाही उघड्या बऱ्या.

शेड परवडत नसेल त्यांनी होळीच्या आधी गच्चीला चुन्याचे दोन हात द्यावेत. पांढरा थर बरेचसे ऊन परतवून लावतो. पावसात तो धुऊन जातो, त्यामुळे दरवर्षी नव्याने द्यावा लागतो.