नको असलेले फोन आणि हंगामाचा पैसा

वैशाखात रत्नागिरीच्या बागांतून झेल्याने हापूस उतरवण्याची घाई असते, आणि नेमका तेव्हाच खिशातला फोन वाजतो. वाशीच्या दलालाचा असेल, टेम्पोवाल्याचा असेल, म्हणून घ्यावाच लागतो. पलीकडे मात्र कोणी कर्ज देऊ करतो, कोणी जमीन विकता का म्हणून विचारतो.

अशा फोनांचे दोन प्रकार आहेत. एक त्रास देणारा, दुसरा घर बुडवणारा. दोहोंवर उपाय वेगळे आहेत.

पहिला प्रकार विक्रीचा. त्यासाठी आपल्याच फोनवरून 1909 हा क्रमांक लावावा आणि विक्रीचे फोन नकोत अशी नोंद करावी. पैसे पडत नाहीत. सगळेच फोन बंद करता येतात, किंवा कर्ज-विमा, जागा-जमीन असे निवडक विषयही. विक्रीच्या फोनांसाठी 140 ने सुरू होणारे क्रमांक ठरवून दिले आहेत. साध्या दहा आकडी क्रमांकावरून कोणी माल विकू लागला, तर 1909 वरच तक्रार करावी. 2025 च्या दुरुस्तीनुसार त्यासाठी 7 दिवसांची मुदत आहे. फोनचा क्रमांक व तारीख मात्र टिपून ठेवावी. सोडतीच्या चिठ्ठीवर आपला क्रमांक लिहून देण्याची सवयही सोडावी.

दुसरा प्रकार चोराचा. चोर काही नोंदवही पाहून फोन करीत नाही. "पीएम-किसानचा हप्ता अडला आहे," "आंब्याच्या विम्याची भरपाई मंजूर झाली," असे गोड बोलून तो ओटीपी विचारतो, किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल पाठवून उघडायला सांगतो. ओटीपी म्हणजे आपल्या पेटाऱ्याची किल्ली. ती बँकही मागत नाही. तेव्हा फोन खाली ठेवावा, फाइल उघडू नये, आणि शंका असल्यास स्वतः शाखेत जाऊन विचारावे.

पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसू नये. तत्काळ 1930 ला फोन करावा व बँकेलाही कळवावे. जितकी घाई, तितकी रक्कम वाटेतच अडवली जाण्याची शक्यता जास्त.

मुले मुंबईला, गडीमाणसे बागेत, मग घरचा फोन आजी-आजोबांच्या हाती असतो. त्यांना हे आजच समजावून सांगा. 1909 आणि 1930 हे दोन आकडे ओटीच्या भिंतीवर, सहज दिसतील असे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.