पाणी जास्त उतरलं तर…

मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचं पाणी मोठ्या माणसात एका वेळी साधारण १५० मिली असतं. शरीर दिवसाकाठी सुमारे ५०० मिली नवं तयार करतं. परळच्या केईएमसारख्या रुग्णालयात कंबरेत बारीक नळी घालून हे पाणी उतरवणं नेहमीचंच. बहुतेकांचं डोकेदुखीवर निभावतं.

क्वचित पाणी भराभर वाहून जातं. मेंदू खाली बसतो, वरच्या शिरा ताणल्या जातात आणि एखादी तुटली की मेंदूच्या आवरणाखाली रक्त साकळतं. त्याहून चक्रावणारा प्रकार म्हणजे शस्त्रक्रिया कपाळाकडच्या भागात किंवा थेट मणक्यात, आणि रक्तस्राव मात्र मागे, लहान मेंदूत! सीटी स्कॅनवर घड्यांमध्ये रक्ताचे पट्टे उमटतात, म्हणून डॉक्टर त्याला ‘झेब्रा’ची खूण म्हणतात. हा स्राव बहुधा शिरांमधला असतो आणि पुष्कळदा आपोआप जिरतो. तेव्हा नाव ऐकून घाबरू नये. पण पेशंटची गुंगी वाढली, उलट्या सुरू झाल्या किंवा बोलणं अडखळलं, तर लगेच सांगावं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तीही आधीच सांगावी.

नळीला जोडलेली मापाची कुपी पेशंटच्या कानाच्या रेषेत ठरवून लावलेली असते. जेवण भरवायला नातेवाइकांनी पलंगाचा दांडा फिरवून डोकं उंच केलं, की पाणी धो धो उतरू लागतं. पलंगाला हात लावण्याआधी सिस्टरना हाक मारा. त्या आधी नळीचा खटका बंद करतील.