उत्सर्जन-कपातीचे भारवाटप

हरितगृह वायूंचे उत्सर्जन कमी करण्याचा भार निरनिराळ्या राष्ट्रांनी कोणत्या प्रमाणात उचलावा, हे ठरविण्याची तत्त्वे व पद्धती. कार्बन डाय-ऑक्साइड वायूचा बराच भाग वातावरणात शेकडो वर्षे टिकून राहतो. त्यामुळे आजची तापमानवाढ हे केवळ चालू वर्षातील धुराचे नव्हे, तर औद्योगिक क्रांतीपासून साचत गेलेल्या वायूचे फळ होय. वादाचे मूळ येथेच आहे. खनिज इंधनांपासूनचे या वायूचे वार्षिक उत्सर्जन पाहिल्यास चीन पहिला व भारत तिसरा ठरतो, दरडोई हिशेब केल्यास अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत (अ. सं. सं.) माणसामागे सु. १४ टन, तर भारतात सु. २ टन पडतात. आणि १७५० पासूनची बेरीज मांडल्यास सु. एक-चतुर्थांश वाटा एकट्या अ. सं. सं.चा निघतो, भारताचा जेमतेम ३ ते ४ टक्के. प्रत्येक राष्ट्र आपणास सोयीचे माप पुढे करते.

रीओ दे जानेरो येथे १९९२ साली स्वाक्षऱ्यांसाठी खुल्या झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक चौकट-करारात ‘समान परंतु भिन्न जबाबदाऱ्या व ज्याची त्याची क्षमता’ हे तत्त्व आले. त्यातील जबाबदारी भूतकाळाकडे पाहते, तर क्षमता आजच्या ऐपतीकडे; भिन्नता किती असावी, हे मात्र करारात सांगितलेले नाही. तत्पूर्वी १९९१ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेतर्फे अनिल अगरवाल व सुनीता नारायण यांनी, भातखाचरांतून निघणारा मिथेन व चैनीच्या मोटारींचा धूर एकाच तराजूत घालण्यास हरकत घेतली होती.

वाटप प्रत्यक्ष आकड्यांपर्यंत पोहोचले ते यूरोपात. क्योटो करारान्वये (१९९७) यूरोपीय संघाने २००८–१२ या काळात १९९० च्या तुलनेने ८ टक्के कपात मान्य केली. तत्कालीन १५ सदस्यांनी १९९८ मध्ये ती आपसांत वाटून घेतली. लक्सेंबर्गने २८, जर्मनी व डेन्मार्क यांनी प्रत्येकी २१ आणि ब्रिटनने १२.५ टक्के कपात पतकरली. फ्रान्सने पातळी कायम राखावयाची होती. उलट स्पेनला १५, ग्रीसला २५ व पोर्तुगालला २७ टक्के वाढीची मुभा मिळाली. वीजनिर्मिती, अवजड उद्योग आणि घरगुती वापर, वाहतूक इ. उर्वरित क्षेत्रे असे तीन भाग पाडून उत्रेक्त विद्यापीठातील अभ्यासकांनी केलेली आकडेमोड या वाटाघाटींत उपयोगी पडली; अखेरचे आकडे अर्थातच घासाघिशीतून ठरले. गरीब सदस्यास वाढण्यास वाव हवा, हे येथे मान्य झाले, ही लक्षणीय गोष्ट होय. जर्मनीच्या औदार्यास मात्र अनुकूल पार्श्वभूमी होती : १९९० च्या एकीकरणानंतर पूर्वेकडील जुनाट कारखाने बंद पडून तिचे उत्सर्जन आधीच बरेच घटले होते. आधारवर्षाची निवड हाही अशा रीतीने वाटपाचाच भाग बनतो.

जागतिक पातळीवर असे जमले नाही. विकसनशील देशांवर बंधन न घालणारा करार नको, असा ठराव अमेरिकन सीनेटने जुलै १९९७ मध्येच ९५ विरुद्ध ० मतांनी केला होता. क्योटो कराराचे अनुसमर्थन अ. सं. सं.ने कधीच केले नाही. पॅरिस करारात (२०१५) वरून वाटप करण्याचा प्रयत्न सोडून देऊन प्रत्येक राष्ट्राने आपले उद्दिष्ट आपणच जाहीर करावे, असे ठरले. विकसनशील देशांसाठी २०२० पर्यंत वर्षास १०० अब्ज डॉलर उभे करण्याचे विकसित राष्ट्रांचे २००९ मधील आश्वासन, आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या गणनेनुसार, २०२२ मध्ये प्रथम पुरे झाले; त्यातील मोठा भाग कर्जाचा होता. उद्दिष्ट ठरविण्याची राष्ट्रांची मुभा अमर्याद नाही, असे आंतरराष्ट्रीय न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या सल्लागार मतात म्हटले. तथापि कोणी किती कपात करावी, याचे सूत्र त्यानेही घालून दिलेले नाही.