गुडघ्यात 'गॅप' असायलाच हवा

रविवारी विहारात वंदना संपली की आमचे लक्ष उठणाऱ्यांकडे जाते. तरण्या मुली पटकन उठतात. पन्नाशीच्या पुढच्या माउल्या आधी एक हात जमिनीवर टेकवतात, दुसऱ्याने भिंत धरतात, "अगं माय" म्हणतात आणि मग उभ्या राहतात. पंचांग प्रणाम तर कित्येकींनी सोडूनच दिला आहे.

वस्तीत तपासणीला बसलो की पिशवीतून एक्स-रे निघतो. "सिस्टर, गुडघ्यात गॅप पडलाय म्हणं." दुसरी म्हणते, "माझं तर वंगणच संपलं." या दोन शब्दांच्या जोरावर तेल, पट्टे, पुड्या आणि महागडी इंजेक्शने खपतात. म्हणून गुडघा आतून कसा असतो ते एकदा नीट पाहू.

मांडीचे हाड वरून येते, नडगीचे खालून, पुढे वाटी. हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. मटणाच्या नळीच्या टोकाला पांढरी चकचकीत साल दिसते ना, तीच कूर्चा. शिवाय दोन हाडांच्या मध्ये चंद्रकोरीसारख्या दोन गाद्या. कूर्चा आणि गादी एक्स-रेत दिसत नाहीत. त्यामुळे धडधाकट गुडघ्याच्या फोटोतही हाडांमध्ये मोकळी जागा दिसतेच, आणि ती दिसायलाच हवी. कूर्चा झिजली की हाडे एकमेकांजवळ येतात आणि ती जागा कमी होते. म्हणजे झिजलेल्या गुडघ्यात गॅप पडलेला नसतो, उलट तो कमी झालेला असतो. मणक्यातल्या 'गॅप'चेही तसेच. मणक्यांच्या मधल्या चकत्या एक्स-रेत दिसत नाहीत. पुढच्या वेळी कोणी गॅप दाखवून पैसे मागितले तर एवढेच विचारा, "किती कमी झालाय?"

आता वंगण. सांध्याच्या आतले पातळ अस्तर अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा चिकट द्रव तयार करत असते. निरोगी गुडघ्यातही तो चहाचा चमचा भरेल इतका नसतो. सुजलेल्या गुडघ्यात तर तो जास्तच साचतो. कूर्चेला स्वतःची रक्तवाहिनी नाही, तिचे पोषण या द्रवातूनच होते. चालताना कूर्चा स्पंजासारखी दाबली जाते आणि सुटते, तेव्हा तिला अन्न पोचते. म्हणून दुखतो म्हणून गुडघा महिनोन्महिने हलवलाच नाही, तर तो आखडतो आणि मांडीचे स्नायूही वाळतात.

सगळे सांधे सारखे नसतात. गुडघा आणि कोपर मुख्यतः दाराच्या बिजागरीसारखे चालतात. खांदा आणि खुबा वाटीत बसलेल्या गोळ्यासारखे, सगळीकडे फिरणारे. खांद्याची वाटी उथळ म्हणून तो निखळतोही लवकर. अंगठ्याच्या मुळाशी खोगिरासारखा सांधा आहे. त्यामुळेच अंगठा बाकीच्या बोटांसमोर येतो आणि बोंडातला कापूस चिमटीत धरता येतो. वेचणीच्या दिवसांत "मनगट दुखतं" म्हणणाऱ्या अनेकींचे दुखणे या सांध्याचे असते.

आपल्या गुडघ्यांवर किती भार पडतो त्याचा हिशोब करू. दसरा-दिवाळीनंतर अंबड, घनसावंगी, परतूर भागातून जोडपी ऊसतोडीला जातात. पन्नास किलो वजनाची बाई, डोक्यावर तीस किलोची मोळी, आणि गाडीत माल भरायला फळीवरून चढायचे. चढताना गुडघ्यावर अंगावरच्या एकूण वजनाच्या साधारण तिप्पट भार येतो. ऐंशीचे तिप्पट दोनशे चाळीस, म्हणजे जवळपास अडीच क्विंटल, प्रत्येक पावलाला. असे गुडघे चाळिशीतच बोलू लागले तर "वय झालं" म्हणणे आम्हाला पटत नाही. ही कामाची झीज आहे, आणि हलकी मोळी, चांगली मजुरी, कामाच्या जागी दवाखाना या मागण्या गुडघ्याच्याच आहेत.

तोवर घरी काय करता येईल? खाटेवर पाय सरळ करून बसा, गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवा आणि मांडी आवळून तो खाली दाबा. पाच आकडे मोजा, सोडा. प्रत्येक पायाला दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. मांडीचा स्नायू बळकट झाला की तो गुडघ्याचा भार उचलतो. फरक पडायला सहा-आठ आठवडे लागतात, आठ दिवसांत सोडू नका. कापूस वेचताना ओटी अर्धी भरली की रिकामी करा. वजन जास्त असेल तर ते थोडे उतरले तरी गुडघ्याला आराम पडतो. भांडी घासायला पाट नको, उंच स्टूल घ्या.

बिनाचिठ्ठीच्या पुड्यांबद्दल मात्र आमचे मन कठोर आहे. दोन पुड्यांत पळायला लागलात तर त्यात स्टेरॉइड असण्याचा संशय घ्या. त्याने तोंड सुजते, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. महिनोन्महिने खात असाल तर एकदम बंदही करू नका, जीवावर बेतू शकते. उरलेल्या पुड्या घेऊन जिल्हा रुग्णालयात जा. रोजची दुखण्याची गोळीही पोट आणि किडनीला महागात पडते.

सांधा गरम, लाल, सुजलेला आणि सोबत ताप असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. सकाळी हाताची बोटे तासभर आखडलेली राहत असतील तर ती झीज नाही, संधिवात असू शकतो, त्याची औषधे वेगळी आहेत. आणि लेकराचा घसा दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी आज गुडघा, उद्या घोटा असे सांधे सुजू लागले तर मालिश करत बसू नका. तो ताप सांधे सोडतो, पण हृदयाच्या झडपा बिघडवू शकतो. पेनिसिलिनची इंजेक्शने ठरलेल्या दिवशी, वर्षानुवर्षे घ्यावी लागतात. तारखा आशाताईंकडून लिहून घ्या.

सांधा बदलायचे कोणी सुचवले तर कर्ज काढण्याआधी जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा, काय बसते आणि काय नाही ते तोच सांगेल. 2017 पासून कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर सरकारी मर्यादा आहे, तेव्हा बिलात त्याची किंमत वेगळी लिहून मागा.

आणि विहार समितीला एक विनंती: मागच्या ओळीत चार खुर्च्या ठेवा. खुर्चीवर बसूनही वंदना होते.