आईबाबांचंही शिकाऊ लायसन्स!

मुलामुलींनो, १८ वर्षं पूर्ण झाली, आर.टी.ओ.ची परीक्षा पास झालात, पक्कं लायसन्स हातात आलं, की वाटतं, आता गाडीची किल्ली माझी! पण त्याच दिवशी घरात आणखी कुणाची तरी परीक्षा सुरू होते बरं का. आईबाबांची! गाडी फाटकाबाहेर पडली की आईचे कान रस्त्याकडे लागतात. मग तिचा फोन येतो, ‘पोचलास का?’ चिडू नका. चालत्या गाडीवर फोन घेऊही नका. पोचल्यावर आधी आपणच तिला कळवा.

१६ व्या वर्षी लायसन्स मिळतं ते फक्त ५० सी.सी.पर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीचं, तेही पालकांच्या संमतीने. घरातली स्कूटर बहुधा १०० सी.सी.च्या वरची असते. ती हवी तर १८ पर्यंत थांबायचं! लायसन्स नसलेल्या अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली, तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकांना ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो.

पालकहो, शिकाऊ लायसन्स ६ महिने चालतं. पक्क्यासाठी निदान ३० दिवस थांबावं लागतं. हे दिवस तुमच्याही सरावाचे. तुमच्याकडे लायसन्स असेल तर मागे बसून शिकवा, पण सारखं ‘हळू, हळू!’ नको. पक्कं लायसन्स आलं की आधी दिवसाउजेडी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत एकट्याला सोडा, मग कॉलेजपर्यंत, मग संध्याकाळी. प्रत्येक फेरी नीट झाली की तुमचीही धडधड थोडी कमी होईल.

काय मग, पहिली फेरी कुठे? आणि हो, हेल्मेटचा पट्टा लावलात ना?